तिसऱ्या भागापर्यंत थांब

२ एप्रिल, गुरुवार

काल रात्री मी झोपले नाही. परवाही नाही. टिल्लीचा श्वास चालू आहे का ते कुणीतरी बघायला नको का? हे घोरतात, नणंद हातपाय पसरून झोपते, मग राहिलं कोण? मी. तिच्या पोटावर हात ठेवून बसते. पोट वर आलं की मी श्वास घेते, खाली गेलं की सोडते. असं करता करता उजाडतं.

टिल्ली म्हणजे माझी मुलगी. साडेचार महिन्यांची. खरं नाव वेगळं आहे, पण त्या नावाला ती अजून पुरी पडत नाही.

सकाळी नर्सबाई वजन करायला आल्या. टिल्लीचं बघायचं सोडून माझेच डोळे बघत बसल्या. म्हणाल्या, "किती दिवस झाले गं झोपून?" मी म्हटलं, "तिचं वय जेवढं तेवढे." त्यांना हसू आलं. मला नाही आलं. मग पिशवीतून ही वही काढून दिली. म्हणाल्या, "मनात येईल ते लिही. कुणाला दाखवायचं नाही. भीती लिहून काढली की कमी होते."

मी म्हटलं, बाई, माझी शाळा सातवीपर्यंत. त्या म्हणाल्या, "वहीला कुठे माहितेय?"

आणि म्हणाल्या की रोज थोडा वेळ काहीतरी हलकंफुलकं बघ. हे ऐकून नणंदेने असे कान टवकारले की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वही कपाटात टॉवेलांच्या खाली ठेवणार. टॉवेलांना माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

नणंद तिकीटखिडकीवर बसते. दिवसभर लोकांना "पुढच्या खिडकीवर जा" म्हणते आणि घरी आली की जपानी कार्टून बघते. कार्टून म्हटलं की चिडते. "वहिनी, ॲनिमे म्हणायचं." ठीक आहे बाई, ॲनिमे.

या महिन्यात म्हणे बारा नवीन मालिका सुरू होतात. सगळ्यांचा पहिला भाग बघायचा आणि कशी वाटली ते त्यांच्या ग्रुपवर लिहायचं. तीनशे लोक आहेत त्या ग्रुपमध्ये. ती म्हणाली, "मला आता नवं काही सुचत नाही, वहिनी. तू कोरी आहेस. तू बघ, बोल, मी लिहिते."

मी म्हटलं, खालची अक्षरं पळतात, मला तेवढं भरभर वाचता येत नाही. ती म्हणाली, "तोंडं बघून सांग."

एक नियम मात्र सांगितला. मालिका वाईट वाटली तरी तीन भाग बघायचे. तिसऱ्याच्या आत सोडायची नाही. सगळे पाळतात म्हणे. मी म्हटलं, वाईट आहे हे पहिल्यातच कळलं तर? ती म्हणाली, "पहिल्यात कुणालाच काही कळत नाही. म्हणून तर नियम आहे."

आज बघितली ती छत्रीची. एक कारकून मरतो आणि छत्री होऊन जन्माला येतो. आणि पहिल्याच दिवशी त्याला कुणीतरी बसमध्ये विसरतं. नणंद म्हणाली, सांग. मी म्हटलं, मेल्यावरही माणसाला बसच का? आणि ती छत्री ओली आहे आणि कुणी उघडून वाळत घालत नाही, त्याने माझा जीव कासावीस झाला. तिने हेच लिहून टाकलं.

टिल्लीच्या नखाखाली पांढरं दिसतंय. नर्सबाईंना विचारायचं.

४ एप्रिल, शनिवार

राक्षसाची मालिका. दर शनिवारी येणार.

एका गावात नदीवर पूल आहे आणि पुलाखाली एक भलामोठा राक्षस उभा आहे. पूल सारखा हलतो. लोक घाबरून ओरडतात, मुलं दगड मारतात. राक्षस दात खातो, गुरगुरतो, त्याचं नाक लालभडक. एक छोटी मुलगी त्याला भाकरीचा तुकडा देऊ बघते तर पूल असा हादरतो की ती पडतापडता वाचते. तिची आई तिला ओढून नेते आणि राक्षसाला म्हणते, पुन्हा माझ्या मुलीजवळ आलास तर बघ. हे मला नणंदेने वाचून दाखवलं, सगळे आवाज काढून. राक्षसाच्या आवाजाला टिल्ली हसली.

माझं मत: त्या आईचं बरोबर आहे. मालिका बंद करा. नणंद म्हणाली, "तीन भाग." मी म्हटलं, बरं, पण एक सांग, तो सारखे हात वर का करून उभा आहे? ती म्हणाली, "राक्षस आहे, घाबरवतोय."

मोरीतला नळ ठिबकतोय. टिल्ली झोपली की टप टप ऐकू येतं आणि मला वाटतं तिच्या नाकातून काहीतरी. ह्यांना सांगायला नको. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून येतात, घरात परत पाना कुठे हातात द्यायचा.

६ एप्रिल, सोमवार

नळ ठिबकायचा थांबला. आपोआप. कधीकधी वस्तूंनाही दया येते.

आज ह्यांनी जेवताना सांगितलं. अगदी सहज, पाण्याचा पेला पुढे करतात तसं. "तुझा दादा चाललाय. एकवीस तारखेला. दोन वर्षांचं काम आहे, लांब. मध्ये सुट्टी नाही."

मी म्हटलं, जाऊ दे.

हे म्हणाले, "बघू." ह्यांचं हेच. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तरी हे आत अडकलेल्यांना म्हणणार, "बघू."

आता लिहूनच टाकते. दादा वेल्डर आहे. आईवडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. टिल्ली झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला. मी टिल्लीला त्याच्या हातात दिली आणि बघते तर काय, ह्याचे डोळे लाल, नाक लाल, नाकातून पाणी, रुमालाने पुसतोय आणि परत बाळाच्या तोंडाजवळ तोंड नेतोय. मी म्हटलं, "काय झालंय तुला?" तो म्हणाला, "काही नाही गं, जरा सर्दी झालीय." सर्दी! एका दिवसाच्या बाळाजवळ! मी टिल्लीला त्याच्या हातातून अशी ओढली आणि सगळ्या वॉर्डासमोर ओरडले, "अक्कल आहे का? जा इथून. पुन्हा माझ्या मुलीजवळ येऊ नकोस." तो गेला. बाहेर जाऊन बाकावर बसला होता म्हणे, हे सांगतात. आणि तीन दिवसांनी टिल्लीला खोकला झाला. दोन रात्री तिच्या नाकात नळी होती.

तेव्हापासून तो आला नाही. मी बोलावलं नाही. त्याला सर्दी पहिल्यापासून लवकर होते हे मला माहीत आहे. माझ्या लग्नातही झाली होती. सगळ्या फोटोंत रुमाल. पण मोठ्या माणसाला कळू नये?

९ एप्रिल, गुरुवार

शाळेतल्या रस्सीखेचीची मालिका बघितली. अख्खा भाग सगळे दोर धरून उभे आहेत. घाम गाळतात, किंचाळतात, लहानपण आठवतात. ओढत कुणीच नाही. मी म्हटलं, अर्ध्या तासात माझे दोन पिंप कपडे धुऊन झाले असते. हे नणंदेने लिहिलं तर ग्रुपवर एवढे लोक हसले की ती खिडकीवर बसल्याबसल्या मला फोन करत होती. "वहिनी, तुला मागणी आहे! लोक विचारतात, सातवी पास वहिनी पुढचं कधी बघणार?" मी म्हटलं, सातवी पास हे का सांगितलंस? ती म्हणाली, "ती पदवी आहे आता."

आणखी एक बघितली, राजपुत्राची. त्याला अकरा मुली लग्नासाठी मागणी घालतात आणि त्याला त्यातलं काहीच कळत नाही. माझं मत: सगळ्यांचे डोळे एवढे टपोरे आहेत, म्हणजे त्या राज्यात झोप पुरेशी मिळत असणार.

काल मी सलग दोन तास झोपले. उठले तर आधी दचकले.

पाळण्याचं चाक किरकिरतं. आणि या वहीच्या मागच्या पानावर चहाचा गोल डाग पडलाय. मी तर वहीजवळ चहा घेत नाही. टॉवेल नीट वाळले नसतील.

११ एप्रिल, शनिवार

राक्षसाचा दुसरा भाग. मला तो अजूनच आवडला नाही. लोक मशाली घेऊन येतात, तो एक पाऊलही हलत नाही. पळून जा ना बाबा. नुसता दात खातो. नाकातून पाणी. मी नणंदेला म्हटलं, याला सर्दी झालीय, आणि लहान मुलीजवळ उभा राहतो. ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "वहिनी, तुला सगळीकडे सर्दीच दिसते."

दिसणारच.

दादा आणि मी लहानपणी टीव्हीवर एक लोखंडी माणसांचं कार्टून बघायचो. आवाज यायचा नाही, टीव्ही तसाच होता. दादा आवाज काढायचा. दोन्ही बाजूंचे, वर स्फोटही. मग खडूने फरशीवर लोखंडी माणूस काढायचा आणि म्हणायचा, हा तुझा, याला मी एक दिवस खरा करून देईन. म्हणूनच वेल्डर झाला का काय कोण जाणे. आई गेली त्या वर्षी तो सतरा वर्षांचा होता. त्याची सर्दी तेव्हा महिनाभर हटली नाही. मी नऊ वर्षांची, त्याला पाणी गरम करून द्यायचे. आणि सातवीनंतर माझी शाळा सुटली, माझं दप्तर त्याने शेजारणीच्या मुलीला देऊन टाकलं, त्या दिवशी परत. नाक नुसतं वाहत होतं. असं नाक मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही.

पाळण्याचं चाक किरकिरायचं बंद झालं. आता मला तिची चुळबुळ नीट ऐकू येते. चांगलं की वाईट, ठरवता येत नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

टिल्ली शिंकली. एकदा नाही, तीनदा. तिला गुंडाळून नर्सबाईंच्या केंद्रावर धावले, चपला दोन वेगवेगळ्या.

नर्सबाईंनी तिच्या नाकात बघितलं आणि चिमट्याने लोकरीचा एक धागा बाहेर काढला. टोपीचा. म्हणाल्या, "हा घे तुझा आजार."

मग मला बसवलं. टिल्ली झाली तेव्हा याच बाई वॉर्डात होत्या. म्हणाल्या, "आणि तो भावाचा विषय परत डोक्यात आहे ना? त्या आठवड्यात वॉर्डातली सहा बाळं खोकत होती. सहाच्या सहा बाळांना काय तुझा भाऊ भेटला होता? आणि तुझ्या बाळाचं नाक तर तो यायच्या आधीच वाजत होतं. तूच मला त्या सकाळी बोलावून दाखवलं होतंस."

मी दाखवलं होतं? आठवलं. दाखवलं होतं.

म्हणजे खोकला त्याच्यामुळे नाही. पण सर्दी असताना आला, ते तर खरं ना? तेवढं तरी माझं बरोबर राहू दे. नाहीतर मी वॉर्डासमोर कशासाठी ओरडले?

त्याचा नंबर मला पाठ आहे. नऊ आकडे दाबते, दहावा दाबत नाही. त्याने उचललाच नाही तर? आणि उचलला तर?

१६ एप्रिल, गुरुवार

भुतांच्या लाँड्रीची मालिका. भीतीची आहे म्हणून नणंद मला दाखवत नव्हती. मी म्हटलं, लाव. एक मुलगी भुतांच्या पांढऱ्या चादरी धुते. त्यातल्या एका भुताला चादरीशिवाय ओळखच नाही, म्हणून ते कपाटात लपून बसलंय. मला मुळीच भीती वाटली नाही. फक्त तिची इस्त्री चुकते. ओल्या कडेकडून सुरुवात करतात का कधी? ग्रुपवर यावर वाद झाला म्हणे, दोन गट पडले. एक गट माझा.

स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं मागे पडलंय. फार पंचाईत होते. टिल्लीच्या दुधाच्या वेळा चुकतात.

१८ एप्रिल, शनिवार

आज खूप लिहायचं आहे. क्रमाने लिहिते.

एक. स्वयंपाकघरातलं घड्याळ आज दहा मिनिटं पुढे आहे. ते कधीच मागे पडलं नव्हतं. मी परवा खोटं लिहिलं होतं. नळ, चाक, चहाचा डाग, या सगळ्याचा मला वास आला होता, म्हणून एकदा जाळं टाकून बघितलं. आज हे कामावर दहा मिनिटं लवकर पोहोचले आणि तिथे कुणीच नव्हतं. घरी येऊन घड्याळाकडे बघत उभे राहिले, पण विचारणार कसं? विचारलं तर वही वाचल्याचं कळेल ना! मी टिल्लीच्या लंगोट्यांत तोंड घालून हसले. किती महिन्यांनी हसले.

दोन. राक्षसाचा तिसरा भाग.

नदीला पूर येतो. लोक मशाली घेऊन पुलावर चढतात, राक्षसाला मारायला. ती छोटी मुलगी खाली उतरते आणि पहिल्यांदा जवळून बघते. पुलाचा खांब मोडलेला आहे. कधीचा मोडलेला आहे. राक्षस हात वर करून घाबरवत नव्हता. तो पूल धरून उभा होता. त्याचे हात थरथरत होते म्हणून पूल हलत होता. सगळे जण त्याच्या हातांवर उभे राहून त्यालाच दगड मारत होते.

नणंदेने वाचायचं थांबवलं. मला वाचून दाखवायची गरजही नव्हती. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, सूं सूं. बघते तर नणंदेचे डोळे लाल, नाक लाल, ओढणीने नाक पुसतेय आणि टिल्ली तिच्या मांडीवर!

मी ओरडले, "सर्दी झालीय आणि बाळाला घेऊन बसलीस? अक्कल आहे का? लांब हो!"

ती म्हणाली, "वहिनी, वेडी झालीस का? सर्दी कसली? रडतेय मी!"

टिल्लीला मी तोवर तिच्या मांडीवरून ओढून घेतलं होतं. टिल्ली हातात, टीव्हीवर पूर.

मग एकेक डोळ्यापुढे यायला लागलं. आई गेली, तेव्हा सर्दी. माझी शाळा सुटली, तेव्हा सर्दी. माझं लग्न, सगळ्या फोटोंत रुमाल. आणि टिल्ली हातात घेतली त्या दिवशी.

मला लोक म्हणतात, वहिनी तोंड बघून अचूक सांगते. छत्रीचं दुःख कळलं मला! भुताचं कळलं! वीस वर्षं ज्याचं तोंड बघितलं, त्याचं नाही कळलं.

नणंदेने विचारलं, "काय लिहू ग्रुपवर?" मी म्हटलं, लिही, पहिल्या भागातली आई चुकली होती. लिही, तिला तेव्हा काही कळत नव्हतं, ती झोपली नव्हती.

१९ एप्रिल, रविवार

दिवसभर फोन हातात. नऊ आकडे. एकदा दहावाही दाबला. त्याने एका घंटेत उचलला. "हॅलो," म्हणाला. मी काहीच बोलू शकले नाही. तो म्हणाला, "हॅलो, कोण? ... तू आहेस का गं?" आणि मी ठेवून दिला. मूर्ख. मूर्ख. मूर्ख.

त्यानेही परत केला नाही. त्याला वाटलं असेल, मी अजून ओरडणार.

नवल म्हणजे काल मी चार तास झोपले. टिल्लीच्या पोटावर हात न ठेवता. सकाळी उठले तर ती पाय तोंडात घालून माझ्याकडे बघत पडली होती. म्हणजे माझ्याशिवायही तिने चार तास श्वास घेतला. थोडा रागच आला.

२० एप्रिल, सोमवार

उद्या सकाळी नऊ वाजता त्याची गाडी आहे.

आज ही वही टॉवेलांच्या खाली ठेवणार नाही. लिफ्टच्या अवजारांच्या पेटीवर ठेवते, पान्याच्या बाजूला, उघडी. हे सहाला येतात. सहा वाजून पाच मिनिटांनी पेटी जागेवर ठेवतात. घड्याळ मी बरोबर लावलंय.

तर हे जो कोणी वाचत असेल त्याने ऐकावं. नळ दुरुस्त केल्याबद्दल आभार. चाकाबद्दलही. दुसऱ्याची वही वाचणं वाईट, त्याचं आपण नंतर सावकाश भांडू. चहाच्या डागाचं वेगळं भांडू. आत्ता एकच काम आहे, आणि यात "बघू" चालणार नाही.

माझ्या दादाला फोन करा. त्याला सांगा, तुझी बहीण म्हणते, आज रात्रीच ये. सामान इथेच आण, इथूनच गाडीला जा. सांगा, टिल्लीला तुझ्या हातात द्यायची आहे, आणि या वेळी कुणी ओढून घेणार नाही. रुमाल आणायला सांगा, मोठा. लोखंडी माणसांचा आवाज अजून येतो का विचारा, कारण टिल्लीला राक्षसाच्या आवाजाचं हसू येतं. आणि सांगा, पहिल्या भागात मला काही कळलं नव्हतं.

मीच केला असता. पण मला बोलता येणार नाही. सकाळपासून डोळे लाल आहेत आणि नाक नुसतं वाहतंय.

जरा सर्दी झालीय.